सात महिने पेल्टियर कूलर वापरला: अमळनेरच्या उन्हातला अनुभव

मी अमळनेरला लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. आमच्याकडे लग्नसराई आणि ऊन एकदमच येतात. बाहेर 43-44 अंश, स्टुडिओवर पत्रा आणि त्यात तीन-तीन तास चालणारं रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल तयार होणं. मागच्या उन्हाळ्यात माझा रायझन 5 3600 प्रोसेसर सारखा 95 अंशांना टेकायचा आणि वेग कमी करायचा. म्हणून यंदा फेब्रुवारीत पेल्टियरचा, म्हणजे वीज दिली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणाऱ्या चकत्यांचा किट मागवला. त्यात टीईसी1-12706 नावाच्या अशा दोन चकत्या (मॉड्यूल), प्रोसेसरवर बसणारी तांब्याची पट्टी, पाण्याने उष्णता ओढून घेणारा वॉटर ब्लॉक, ते पाणी थंड करणारा 240 मिमीचा रेडिएटर आणि 12 व्होल्टचा वेगळा पॉवर सप्लाय होता.

पहिल्या संध्याकाळी मी अक्षरशः नाचलो. कॉम्प्युटर नुसता चालू असताना प्रोसेसर 24 अंश! मग रेंडर लावलं आणि दहा मिनिटांत आकडा 91 वर गेला. वाटलं, प्रोसेसर आणि पट्टीच्या मधली उष्णता वाहणारी पेस्ट नीट बसली नसेल. दोनदा उघडून पुन्हा लावली, पण आकडा तोच.

शेजारी फ्रिज दुरुस्त करणारे आबा बघायला आले होते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हाई गरमी जास कोठे, भाऊ?" सगळं उत्तर त्या प्रश्नातच आहे. पेल्टियर उष्णता संपवत नाही. चिनीमातीसारख्या दोन पातळ चकत्यांच्या मध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या तुकड्यांच्या 127 जोड्या असतात. करंट दिला की त्या एका बाजूची उष्णता दुसऱ्या बाजूला ढकलतात आणि ढकलताना स्वतःही तापतात. 1834 मध्ये पेल्टिये या फ्रेंच माणसाला हा परिणाम दिसला, आणि तो खराच आहे. प्रश्न हिशोबाचा आहे. माझा प्रोसेसर पूर्ण भारात 88 वॉटपर्यंत घेतो. दोन्ही मॉड्यूल मिळून वर शंभरेक वॉट खातात. म्हणजे रेडिएटरला 88 ऐवजी जवळपास 190 वॉट बाहेर टाकावे लागतात, तेही 36 अंशांच्या खोलीत. पाणीच एवढं तापतं की मॉड्यूलने मिळवलेले चार अंश तिथेच जातात. शिवाय मॉड्यूल जेवढी जास्त उष्णता ओढतं तेवढा त्याच्या दोन बाजूंमधला फरक कमी होतो. जाहिरातीत लिहिलेला साठ-सत्तर अंशांचा फरक थंड बाजूला काहीच भार नसतानाचा असतो. हे मला विकत घेण्याआधी कोणीतरी सांगायला हवं होतं.

खात्री करायला मार्चमध्ये मॉड्यूल काढले आणि तोच वॉटर ब्लॉक थेट प्रोसेसरवर बसवला. खोली तीच, रेडिएटर तोच, रेंडरला लावलेली व्हिडिओ क्लिपही तीच. आकडा आला 79. बारा अंश कमी, तेही शंभर वॉट वाचवून! तेव्हाच थांबायला हवं होतं. पण पैसे गुंतले होते आणि नुसतं कटिंग करताना मिळणारा तो 24 चा आकडा सोडवत नव्हता, म्हणून पुन्हा जोडलं.

मे महिन्यात पाण्याचा त्रास सुरू झाला. खानदेशातली उन्हाळी हवा कोरडी असते, दव जमणार नाही अशी माझी समजूत होती. बाहेर ती बरोबरच आहे. पण स्टुडिओत वाळ्याच्या जाळ्यांचा पत्र्याचा कूलर दिवसभर चालतो. खोली 34 अंशांवर येते आणि हवा मात्र दमट होते. सत्तर टक्के आर्द्रता धरली तर 28 अंशांच्या खालच्या कुठल्याही गोष्टीवर पाणी सुटणार, आणि माझी पट्टी रिकाम्या वेळी वीसच्या आसपास असायची. एका दुपारी झाकण उघडलं तर पट्टीच्या खालच्या कडेला मोहरीएवढे थेंब ओळीने लटकलेले, आणि त्यातला एक रॅमच्या खाचेपासून बोटभर अंतरावर. टिश्यूने टिपताना हात थरथरत होता, कारण त्याच कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर तीन घरांची लग्नं होती आणि दुसरी प्रत अजून काढली नव्हती. त्यानंतर प्रोसेसरच्या सॉकेटभोवती फोम लावला आणि तापमान बघून मॉड्यूल चालू-बंद करणारा स्विच बसवला. त्या स्विचने वेगळंच नुकसान केलं. सारखं तापून थंड झाल्याने मॉड्यूलमधले सोल्डरचे जोड सुटतात. ऑगस्टमध्ये एक मॉड्यूल मेलं. मेलेलं मॉड्यूल उष्णता अडवून धरतं, त्यामुळे रेंडरच्या मध्येच कॉम्प्युटर बंद पडला.

विजेचाही हिशोब सांगतो. रोज आठ तास शंभर वॉट म्हणजे महिन्याला 24 युनिट, फक्त पेल्टियरचे. आणि ती उष्णता खोलीतच राहते, म्हणजे कूलरही जास्त चालवायचा.

लेझर डायोड किंवा कॅमेऱ्याचा सेन्सर यांसारख्या थोड्या वॉटच्या कामात हेच मॉड्यूल उत्तम चालतं, तिथे मला काहीच शंका नाही. प्रोसेसरसाठी मात्र खुद्द इंटेलने 2020 मध्ये 'क्रायो' नावाने हा प्रयोग आणला होता. त्यात दव जमू नये म्हणून आर्द्रता बघणारं सॉफ्टवेअर होतं, आणि 2023 मध्ये त्यांनीही तो बंद केला.

सप्टेंबरपासून प्रोसेसरवर साधा टॉवर कूलर, म्हणजे धातूच्या पात्यांचा उभा ठोकळा आणि त्याला पंखा, लावलाय. केसच्या मागे एक जादा पंखा बसवलाय आणि केस भिंतीपासून हातभर पुढे ओढलीय. काल चार तासांचं रेंडर 77 च्या वर गेलं नाही. एप्रिलमध्ये आकडा पाच-सात अंशांनी वर जाईल हे धरून चाललोय, पण पट्टीखाली थेंब आहेत का बघायला झाकण उघडावं लागणार नाही.