वस्तीतल्या केंद्रात मुलांसाठी काय सुरू करावं: गाणं, पथनाट्य की भिंत?

आठवड्यातून दोन संध्याकाळी समाजमंदिर मोकळं मिळतं. १३ ते १९ वयाची वीसेक मुलंमुली येऊन-जाऊन असतात आणि अभ्यासिकेच्या पलीकडे त्यांच्यासाठी काहीतरी करायचं आहे. बैठकीत मग तीन गोष्टी पुढे येतात: गाणी लिहून घेऊ, पथनाट्य बसवू, नाहीतर भिंत रंगवू. तिन्ही चांगल्या आहेत, पण प्रत्येकीची मागणी वेगळी आहे. निवड मात्र बहुतेक वेळा आपल्या ओळखीत कोण कलाकार आहे यावरून होते. ती हजेरीच्या वहीवरून व्हायला हवी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मागच्या दोन महिन्यांची वही काढा आणि सलग सहा वेळा आलेली मुलं मोजा. दहा-बारा निघाली तर तिन्ही वाटा खुल्या आहेत. चार-पाचच निघाली तर नाटकाचा विचार सोडा, कारण भूमिका असलेलं एक मूल मामाच्या गावाला गेलं की तालीम थांबते आणि आलेली मुलं नुसती बसून राहतात. तसं दोनदा झालं की तीही यायची बंद होतात. गाण्याला ही अडचण नाही. एका मुलाच्या चार ओळी त्या संध्याकाळपुरत्या पूर्ण असतात. पुढच्या आठवड्यात तो आला नाही, तरी ओळी वहीत आहेत आणि गाणं पुढे जातं. भिंत या दोघांच्या मधली: आराखड्याच्या दिवसांत तीच ती मुलं लागतात, रंगाच्या दिवशी मात्र कुणीही ब्रश धरू शकतं.

ढोल-ताशा आणि नाच यांची तुलना इथे केलेली नाही. दोन्हींना गर्दी भरपूर जमते, पण मुलाला स्वतःचं काही सांगायला त्यात फारशी जागा राहत नाही.

गाणं

वस्तीतल्या तरुणांनी स्वतःची गाणी रचणं महाराष्ट्राला नवं नाही. आंबेडकरी जलशांनी हेच केलं. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं, तेव्हा डफ-तुणतुण्यावर गिरणगावचं रोजचं जगणंच गायलं जात होतं. आज धारावीतली मुलं तेच रॅपमध्ये करतात. त्यामुळे ‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्या पालकांना आणि ‘शाहिरी जुनी झाली’ म्हणणाऱ्या मुलांना, दोघांनाही दाखवायला तुमच्याकडे काहीतरी आहे.

एका गटात १० ते १२ मुलं, दोन मोठी माणसं, ९० मिनिटं आणि १२ बैठका असा हिशेब धरा. पहिल्या बैठकीत कविता मागू नका. कालपासून आतापर्यंत तुम्हाला कोण काय बोललं, ते जसंच्या तसं लिहा, एवढंच सांगा. ‘नळ आला की हाक मार’, ‘मोबाइल ठेव आधी’, ‘आधार कार्ड कुठंय?’ अशी पंचवीस-तीस वाक्यं फळ्यावर आली की गाण्याचा माल तयार असतो. विषय देऊन लिहायला लावलं, तर व्यसनमुक्ती आणि स्वच्छता यांवरच्या घोषणा येतात. मुलांना त्या शाळेत पाठ झालेल्या असतात.

ओळीसाठी सुरुवातीला आठ अक्षरांचं माप द्या. छोट्या अभंगाचा चरण आठ अक्षरांचाच असतो, म्हणून ते माप इथल्या कानाला ओळखीचं आहे. मुलं पहिल्यांदा साधारण असं लिहितात:

नळ येतो पहाटेला
रोज उशीर शाळेला

माप बरोबर आहे, पण यमक प्रत्ययाचं आहे. ‘ला’ला ‘ला’ आणि ‘त’ला ‘त’ जुळवत गेलं की पन्नास ओळी होतात आणि एकही लक्षात राहत नाही. प्रत्यय पुसा आणि मूळ शब्दाला जोड शोधायला सांगा. फळ्यावरचं कुणाचं तरी ऐकलेलं वाक्य तिथे आणून बसवा:

नळापाशी लांब रांग
उशीर का? नीट सांग

आता दुसऱ्या ओळीत बाईंचा आवाज आला. यमक खरं झालं आणि तक्रारही न करता झाली. या एका दुरुस्तीवर अर्धी बैठक गेली तरी जाऊ द्या, कारण पुढचं सगळं लेखन तिच्यावर उभं राहतं.

एक अडचण जवळजवळ ठरलेली आहे. अभंग गाताना ‘रांग’मधला ‘ग’ पूर्ण वाजतो, बोलताना आणि रॅपमध्ये तो गळतो. वहीत आठ अक्षरं मोजलेली ओळ तोंडून पाच-सहाच ठोक्यांची होते, दुसरी आठ भरते, आणि मुलं तालाबाहेर पडतात. म्हणून अक्षरं चालीसाठी मोजा आणि रॅपसाठी टाळी वाजवून ओळ म्हणून बघा. तालाचा वेग मिनिटाला ८० ते ९० ठोके ठेवा. मुलं १४० च्या बीट (तालाचे तयार ट्रॅक) घेऊन येतात, त्यावर मराठी जोडाक्षरं चेंगरतात आणि शब्द कळेनासे होतात.

९० च्या वेगात चार ठोक्यांची एक ओळ धरली, तर चार ओळींना जेमतेम ११ सेकंद लागतात. दहा मुलांच्या प्रत्येकी चार ओळी आणि आठ ओळींचं धृपद तीनदा, एवढ्याचं गाणं तीन मिनिटांच्या किंचित आत बसतं. प्रत्येकाचा आवाज येतो आणि लाजाळू मुलीला एकटीने तीन मिनिटं गावं लागत नाही. सगळ्यांनी धृपद म्हणायचं, स्वतःच्या ओळी हव्या तर म्हणायच्या किंवा दुसऱ्याला म्हणायला द्यायच्या, अशी मुभा ठेवा.

वाद्यांत एक हलगी किंवा डफ आणि दोन पत्र्याचे डबे पुरतात. इंटरनेटवरची ‘फ्री’ बीट घेताना त्याखालची अट वाचा. बहुतेकदा ती फक्त बिनव्यावसायिक वापरापुरती आणि नाव देण्याच्या अटीवर मोफत असते, आणि गाणं यूट्यूबवर टाकलं की हक्काचा दावा येऊ शकतो. चित्रपटगीताच्या ट्रॅकवर नवे शब्द बसवणं तर टाळाच. हक्काचा प्रश्न आहेच, शिवाय मूळ गाण्याचा भाव मुलांच्या शब्दांवर चढून बसतो.

ध्वनिमुद्रण साध्या फोनवर होतं. समाजमंदिराची फरशी आणि पत्रा आवाज घुमवतात, म्हणून एका कोपऱ्यात दोन बाजूंना सतरंज्या किंवा गोधड्या टांगा. फोन विमान मोडवर टाका, तोंडापासून वीतभर आणि जरा बाजूला धरा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ फुटतात. ताल ऐकायला वायरचा इयरफोनच वापरा, ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि प्रत्येक ओळ मागे पडते. जोडकामाला ऑडॅसिटी हे संगणकावरचं सॉफ्टवेअर मोफत आहे. पत्र्यावर पाऊस पडत असताना मुद्रण करण्यात वेळ घालवू नका, जून ते सप्टेंबर लिहून घ्या.

गाण्यातून बाहेर येतं, ते कोण सांभाळणार?

निवडीचा खरा कस इथे लागतो. स्वतःच्या शब्दांत लिहायला लावलं की सहाव्या-सातव्या बैठकीपर्यंत वहीत घरातली मारहाण, एखाद्या नातेवाइकाचा हात, नाहीतर जगावंसं वाटत नाही अशी ओळ येऊ शकते. नाटकात ती भूमिकेआड लपते, भिंतीवर रंगाआड. गाण्यात ती उघडी असते. म्हणून दोन मोठ्या माणसांपैकी एकाचं काम शिकवणं नाही. बैठकीनंतर अर्धा तास थांबणं आणि ऐकणं, एवढंच त्याचं काम. असा माणूस तुमच्याकडे नसेल तर गीतलेखन सुरू करू नका, आधी भिंत घ्या.

‘हे कुणालाही सांगणार नाही’ असं वचन मुलाला कधी देऊ नका. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पॉक्सो कायद्याच्या (२०१२) कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘तू सुरक्षित राहावीस म्हणून ज्यांना सांगावं लागेल त्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन,’ हे वाक्य पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर म्हणा. १०९८ ही मुलांसाठीची आणि १४४१६ ही मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसची मोफत मदतवाहिनी भिंतीवर लिहून ठेवा.

गाणं बाहेर सोडण्याची घाई नको. मुद्रणानंतर पंधरा दिवस जाऊ द्या, मग मुलाला पुन्हा विचारा. गल्लीचं नाव, दुसऱ्या माणसाचं नाव, शाळेचं नाव काढा. ‘मी’ची ‘ती’ करून बघा, बऱ्याचदा ओळ तितकीच खरी राहते आणि मूल ओळखू येत नाही. अठराखालील मुलांच्या पालकांची लेखी संमती घ्या, पण पालकांनी हो म्हटलं आणि मुलाने नाही म्हटलं, तर मुलाचं चालेल. पथनाट्य संपलं की संपतं. इंटरनेटवरचं गाणं लग्न ठरताना आणि नोकरी लागताना पुन्हा ऐकलं जातं.

मुलग्यांकडून शिव्या, टोळीची नावं, दुसऱ्या वस्तीला आव्हानं येणारच. सरसकट बंदी घातली तर वही बंद होते. माणसाला नाही, परिस्थितीला शिवी द्यायची, हा नियम टिकतो.

पथनाट्य

वस्तीला काही ऐकवायचं असेल तर नाटकासारखं माध्यम नाही. गाणं कानात इयरफोन घालून एकट्याने ऐकलं जातं, नाटकाला मात्र शेजारीपाजारी एकत्र उभे राहतात. ठाण्यात रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या वंचितांचा रंगमंच या उपक्रमात वस्त्यांमधल्या मुलांनी आपल्याच विषयांवरच्या नाटिका रचून सादर केल्या. वस्तीतल्या मुलांना लिहिलेली संहिता द्यावी लागत नाही, हे तिथे दिसलं.

१२ ते १५ मुलं, साधारण १५ फूट बाय १५ फूट मोकळी जागा, १० ते १२ आठवडे आणि १५ ते १८ मिनिटांचा प्रयोग. एकच लांब गोष्ट बसवण्याऐवजी तीन-तीन मिनिटांचे सुटे प्रवेश करा आणि प्रत्येक भूमिका दोघांना येऊ द्या, म्हणजे गैरहजेरी झेपते. रस्त्यावर पूर्ण गोल करून उभं राहू नका, निम्म्या लोकांना कलाकाराची पाठच दिसते आणि काही ऐकू येत नाही. भिंत पाठीशी घ्या. पाण्याच्या वेळेला प्रयोग ठेवू नका. रस्त्यावरच्या प्रयोगासाठी आणि लाउडस्पीकरसाठी स्थानिक पोलिस ठाण्याची परवानगी आधी घ्या. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही.

नाटकात हमखास बिघडतं ते दारुड्या बापाच्या प्रवेशात. मुलं तो इतका हुबेहूब करतात की प्रेक्षक हसतात, आणि ज्याच्या घरी तो बाप आहे ते मूल समोर बसलेलं असतं. ब्राझीलच्या ऑगुस्तो बोआल यांनी घडवलेली फोरम थिएटरची पद्धत इथे कामाला येते: प्रवेश अडचणीच्या क्षणी थांबवायचा आणि प्रेक्षकांतल्या कुणाला तरी त्रास सोसणाऱ्याच्या जागी उभं करून ‘तू काय केलं असतंस?’ असं करून दाखवायला सांगायचं. त्रास देणाऱ्याच्या जागी कुणी उभं राहत नाही, कारण तो अचानक चांगला झाला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि सुटलेला नसतो. मात्र ही पद्धत चालवणारा माणूस अनुभवी हवा. नवख्याच्या हातात तिचं गल्लीतलं भांडण व्हायला वेळ लागत नाही.

भिंत

बोलायला तयार नसलेल्या मुलांसाठी आणि भाषा एक नसलेल्या गटासाठी भिंत सर्वात सोपी. १० फूट बाय २० फूट म्हणजे २०० चौरस फूट. एवढ्याला सुमारे दोन लिटर बाहेरचा प्रायमर, दोन हातांसाठी चार लिटर पांढरा एक्स्टिरियर इमल्शन आणि छटांसाठी स्टेनरच्या ट्यूबा पुरतात. खडबडीत प्लास्टर असेल तर थोडं जास्त धरा. नव्या प्लास्टरला २८ दिवस सुकू द्या. पावसाळ्यानंतर लगेच रंग लावला तर आतली ओल लोणा घेऊन बाहेर येते आणि चित्र पापुद्र्यांनी सुटतं. नोव्हेंबर उजाडू द्या. मालकाची परवानगी लेखीच हवी, मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा १९९५ चा कायदा चांगल्या चित्रालाही लागू पडू शकतो.

चित्रकाराने आराखडा आणायचा आणि मुलांनी आत रंग भरायचा, असं झालं तर मुलांच्या वाट्याला फक्त मजुरी येते. तीन आठवडे आराखड्याला द्या, रंगाला चार दिवस. कागदावर चौकटी आखून भिंतीवर तशाच एक-एक फुटाच्या चौकटी मारल्या, तर मुलांनी काढलेलं चित्र मुलांच्याच हाताने मोठं होतं.

पैसे आणि महिने

तिन्हींत मोठा खर्च साहित्याचा नसतो, शिकवणाऱ्याच्या मानधनाचा असतो. ठरवण्याआधी त्याला मुलांसोबत अर्धा तास घ्यायला सांगा आणि त्यातली किती मिनिटं तो स्वतःच गातो किंवा बोलतो ते घड्याळावर बघा. निम्म्याहून जास्त असेल तर दुसरा शोधा, तो कितीही नावाजलेला असो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावी आणि मे महिन्यात गाव, त्यामुळे प्रयोग आणि भिंत नोव्हेंबर ते जानेवारीत बसवा. मुलींसाठी अंधार पडण्याआधीची वेळ ठेवा, संध्याकाळी सात ही वेळ ठरवली की गट आपोआप मुलग्यांचा होतो.

हजेरी अनियमित असेल आणि थांबून ऐकणारा माणूस असेल तर गाणं घ्या. हजेरी पक्की असेल, वस्तीचा एखादा प्रश्न मुलांना खुपत असेल आणि नाटक घेणारा अनुभवी असेल तर पथनाट्य. दोन्ही नसेल तर भिंत, आणि तोवर तो ऐकणारा माणूस तयार करा. गाण्याने सुरुवात केली असेल, तर सहाव्या बैठकीला वही पुन्हा उघडा. तीच दहा मुलं येत असतील, तर त्यांच्या धृपदाभोवती तीन प्रवेश रचता येतात. पाचच येत असतील तर गाण्यावरच राहा आणि त्या पाचांचं नीट मुद्रण करा.