फास्टएपीआय लोकल मशीनवर: सगळं डॉकरमध्ये, की फक्त डेटाबेस?

फास्टएपीआय (पायथनमध्ये एपीआय लिहायचं फ्रेमवर्क) आणि पोस्टग्रेस (डेटाबेस) असेल तर बहुतेकांची निवड या दोनांतच होते. एपीआय आणि डेटाबेस दोन्ही डॉकर कंपोजमध्ये, म्हणजे एकाच फाइलवरून उभ्या राहणाऱ्या कंटेनरांत (मशीनपासून वेगळ्या बंदिस्त जागांत) चालवायचे, किंवा पोस्टग्रेस तेवढा कंटेनरमध्ये ठेवून एपीआय आपल्या मशीनवरच्या व्हीएन्वमधून (प्रोजेक्टची पायथन पॅकेजेस वेगळी ठेवणारं फोल्डर) युव्हिकॉर्न या सर्व्हरने चालवायचा.

पहिल्या पद्धतीचा मोठा फायदा नव्या माणसाला होतो. रेपो क्लोन केला, एक कमांड दिली की सगळं उभं राहतं, आणि लायनक्स सर्व्हरवर असतात तीच पॅकेजेस इथेही असतात. कंटेनरमध्ये युव्हिकॉर्नचा होस्ट ०.०.०.० ठेवायला मात्र विसरू नका, १२७.०.०.१ राहिला तर पोर्ट उघडूनही ब्राउझरला काही मिळत नाही.

माझं मत फिरलं ते व्हीएन्वच्या फोल्डरमुळे. एडिटरला ऑटोकम्प्लीट द्यायचं तर पॅकेजेस मशीनवरही लागतात, म्हणजे प्रोजेक्टमध्ये व्हीएन्व येतोच. कोडचा फोल्डर कंटेनरला जोडला (माउंट केला) की तोही कंटेनरमध्ये जातो आणि तिथल्या व्हीएन्ववर बसतो. मॅकवर बनलेल्या बायनरी लायनक्समध्ये चालत नाहीत. डॉकर-इग्नोर फाइलचा इथे उपयोग नाही, कारण ती फक्त बिल्डपुरती असते. उपाय म्हणून त्या फोल्डरवर अनॉनिमस व्हॉल्यूम (डॉकरने स्वतः सांभाळलेली, नाव नसलेली साठवण) लावतात. मग नवं पॅकेज टाकून इमेज पुन्हा बिल्ड केली तरी ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येत राहतं, कारण कंपोज जुनाच व्हॉल्यूम परत जोडतो. ‘कंपोज अप’ करताना ‘रिन्यू-अनॉन-व्हॉल्यूम्स’ हा पर्याय दिला की सुटतं. हे माहीत नसलेल्याचा अख्खा दिवस जाऊ शकतो, आणि पॅकेजेस तर सुरुवातीच्या काळात सतत बदलतात.

दुसऱ्या पद्धतीत ही भानगडच नाही. पॅकेज टाका, युव्हिकॉर्न पुन्हा सुरू करा, झालं. ब्रेकपॉइंटही थेट एडिटरमधून लागतात. माझ्या अनुभवात रोजच्या कामात हीच पद्धत जास्त चपळ वाटते. काळजी डेटाबेसच्या पत्त्याची घ्यायची: कंपोजच्या आत होस्ट म्हणून सर्व्हिसचं नाव चालतं, इथे लोकलहोस्ट लागतो. मशीनवर आधीच पोस्टग्रेस असेल तर त्याचा नेहमीचा पोर्ट ५४३२ अडतो. बाहेरचा पोर्ट ५४३३ करा. तो १२७.०.०.१ लाच बांधा, नाहीतर डॉकर तो सगळ्या नेटवर्कसाठी उघडतो. आणि कंपोज फाइलमधला पोस्टग्रेसचा पासवर्ड डेटाचा व्हॉल्यूम रिकामा असतानाच लागू होतो. नंतर तिथे बदलून काही होत नाही.

चार-पाच सर्व्हिसेस एकमेकींशी बोलणार असतील, किंवा टीममध्ये विंडोज आणि मॅक दोन्ही असतील, तर पूर्ण डॉकरच सोयीचा पडेल. एकच एपीआय असेल तर मी तरी तो कंटेनरबाहेरच ठेवेन.