ठाण्यातला नास्तिक ग्रुप: मेंबरशिप घ्यावी का? बायकांनी तरी आधी हे वाचा

ग्रुपचं नाव लिहीत नाही, या वर्तुळातल्यांना बरोबर कळेल. पण मेंबरशिपचे पैसे घेतात, त्या बदल्यात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, ऑनलाइन व्याख्यानं, नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये महिन्याची भेट आणि वाचनाची बैठक देतात, म्हणजे ही सर्व्हिसच झाली, मग रिव्ह्यू नको का लिहायला. मी ऐरोलीहून येते, घरात देव न मानणारी मी एकटीच, त्यामुळे असा ग्रुप मिळाला याचा मला किती आनंद झाला होता ते सांगून कळणार नाही.

आधी चांगलं सांगते. जादूटोणाविरोधी कायद्यावरचं व्याख्यान अप्रतिम होतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला, हे बहुतेकांना माहीत असतं. पण त्यात नेमकं काय आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा कशाकशाला, हे मला तिथेच पहिल्यांदा नीट समजलं. त्यात एक कलमच असं आहे की गेल्या जन्मी तू माझी बायको होतीस असं सांगून किंवा मूल होईल म्हणून अंगाशी येणारा बाबा थेट गुन्हेगार. एवढ्यासाठी पैसे वसूल झाले असं मी तेव्हा मैत्रिणीला सांगितलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मेंबर झाल्यावर आठवडाभरात ग्रुपमधल्याच एका पुरुषाचे पर्सनलवर मेसेज सुरू. रात्री साडेअकराला "जागी आहेस का", मग "तू नास्तिक आहेस म्हणजे मोकळ्या विचारांची असणार", मग उपवन तलावावर भेटूया का. मी नाही म्हटल्यावर उत्तर आलं की "अजून संस्कार सुटले नाहीत वाटतं". बाबा म्हणतो श्रद्धा असेल तर ये, हा म्हणतो श्रद्धा नसेल तर ये. फरक काय मग? आणि हे माझ्या एकटीचं नाही, एका कॉलेजातल्या मुलीला पण असेच मेसेज आले, ती बिचारी ग्रुप सोडूनच गेली.

हॉलमधली भेट पण बघा. खुर्च्या लावायला, चहाचं बघायला "ताई जरा" अशी हाक हमखास, माईक मात्र दादा आणि काका लोकांकडेच फिरत राहतो. बाई बोलायला उभी राहिली की विषय ठरलेला, मंगळसूत्र का घालतेस, टिकली का लावतेस, नवऱ्याला विचारून आलीस का. एका बाईला सगळ्यांसमोर असं इतकं सोलून काढलं की ती तिथेच रडायला लागली. आणि ज्यांनी विचारलं त्यांच्याच घरी सत्यनारायण होतो, बायको सोवळ्यात नैवेद्याचा स्वयंपाक करते, ते मात्र "घरच्यांसाठी करावं लागतं" म्हणून चालतं. पुरुषाची तडजोड ती तडजोड आणि बाईची तडजोड म्हणजे तिचा विवेकवाद कच्चा, हे मला अजिबात मान्य नाही.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं, नाव कुणाचंच घेतलं नाही, फक्त मेसेज बंद करा एवढंच म्हटलं. त्यावर जे पेटलं ते विचारू नका. अर्धे म्हणाले ही चळवळ फोडायला आली, अर्धे माझ्या बाजूने, मग जातीवरून, मग खरा नास्तिक कोण यावरून भांडणं, एकमेकांचे स्क्रीनशॉट, आणि शेवटी एक गट बाहेर पडून त्यांनी दुसरा ग्रुप काढला. माझा मूळ मुद्दा कुठल्या कुठे गेला. अ‍ॅडमिननी मला समजावलं की "देशात बायकांवर धर्माच्या नावाने केवढे अत्याचार होतात आणि तू मेसेजचं काय घेऊन बसलीस".

हे वाक्य ऐकल्यावर मला जोरात आठवलं, कारण हेच आधी जगभर गाजलेलं आहे. २०११ मध्ये डब्लिनच्या नास्तिक परिषदेनंतर रेबेका वॉटसन या अमेरिकन लेखिकेने व्हिडिओत एवढंच सांगितलं की पहाटे चारला लिफ्टमध्ये एकटीला गाठून खोलीवर कॉफीला बोलावू नका, असं करत जाऊ नका. त्यावर रिचर्ड डॉकिन्ससारख्या, नास्तिकांमध्ये जगभर मानल्या जाणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञ लेखकाने एका काल्पनिक मुस्लिम बाईला उद्देशून उपहासाने लिहिलं की तुझे हाल काहीच नाहीत, बघा अमेरिकन बाईला लिफ्टमध्ये केवढा त्रास झाला. वॉटसनला पुढे कितीतरी घाणेरड्या धमक्या आल्या, त्यावरून तिथली चळवळ दोन तुकड्यांत भांडत बसली, आणि डॉकिन्सनी त्या लिहिण्याबद्दल २०१४ मध्ये खेद व्यक्त केला. म्हणजे मोठा अत्याचार दाखवून छोटा झाकायचा ही युक्ती जुनीच आहे, आणि त्यात मोठ्या अत्याचारातल्या बाईलाही काहीच मिळत नाही.

आणि आपल्याला डब्लिनला जायची तरी काय गरज? बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ मध्ये बायकांनाच दोष देणाऱ्या पुरुषांना जाब विचारणारं 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं तेव्हा सत्यशोधक समाजातल्याच काही जणांनी त्यांच्यावर टीका केली. ज्योतिरावांनी काय केलं? चळवळ फुटेल म्हणून बाईला गप्प बसवलं नाही, १८८५ च्या 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेत आपल्याच सहकाऱ्यांना खडसावलं आणि ताराबाईंची बाजू घेतली. ग्रुपच्या डीपीला फुल्यांचा फोटो आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितेय.

तर मेंबरशिप घ्यावी का? पुरुष असाल तर तुमची मर्जी, पण बाई असाल तर सध्या नको. वाचनाची बैठक मात्र मेंबर नसलं तरी चालते, तिथे जा, घेणाऱ्या मावशी फार जिव्हाळ्याने घेतात, कुणाचंही वाक्य तोडत नाहीत, पहिल्यांदा आलेल्यालाही बोलतं करतात. फक्त संध्याकाळच्या बैठकीला उशीर होतो, परतीची ट्रान्सहार्बरची गाडी आधी बघून ठेवा, नौपाड्यातून स्टेशनला रिक्षा मिळायला त्या वेळी वेळ लागतो.

पाचपैकी दोन स्टार देतेय. अ‍ॅडमिनना लेखी दिलंय की तक्रारीसाठी निम्म्या बायका असलेली समिती नेमा, पर्सनल मेसेजचा नियम ग्रुपच्या वर्णनात लिहा आणि माईक वेळ लावून फिरवा. अजून उत्तर नाही. केलं तर हा रिव्ह्यू मी स्वतः बदलेन आणि स्टारही वाढवेन.