आईला कॅनडात शिकायचंय: स्टडी परमिट की सुपर व्हिसा?

मुलगा किंवा मुलगी कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी) वा नागरिक आहे आणि आई-वडिलांपैकी कुणाला निवृत्तीनंतर इकडे येऊन खरोखर काही शिकायचंय, अशा घरांसाठी हे लिहितोय. माझ्या आईच्या वेळी आम्ही स्टडी परमिट (शिकण्याचा परवाना) आणि सुपर व्हिसा (पीआर वा नागरिक मुलांच्या आई-वडिलांसाठीचा लांब मुक्कामाचा पाहुणा व्हिसा) या दोन्हींची कागदपत्रं शेजारी शेजारी मांडून पाहिली आणि शेवटी सुपर व्हिसा घेतला. त्यामुळे माझा कल कुठे आहे ते उघडच आहे. पण स्टडी परमिट कुणी घेऊच नये असं मी म्हणणार नाही, आणि तो कुणाला बरा पडेल तेही पुढे येईलच.

आई साताऱ्याकडे माध्यमिक शाळेत इतिहास शिकवायची, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. मोडी तिनं नोकरीत असतानाच शिकून घेतली होती. आसपासच्या गावांतून लोक जुन्या कागदांचे रुमाल घेऊन तिच्याकडे वाचून घ्यायला येत. कागद वाचता येतो, पण कसर लागलेला, ओल धरून एकमेकांना चिकटलेला कागद वाचवायचा कसा, हे तिला नीट शिकायचं होतं. म्हणून आमचा पहिला विचार पदव्युत्तर पदवीचाच होता. टोरोंटो विद्यापीठात संग्रहालयशास्त्राची तशी पदवी आहे, आणि स्टडी परमिटला वयाची वरची मर्यादा नाही. साठीतला माणूसही कायद्यानं अर्ज करू शकतो.

पैशाचं आधी बोलू, कारण बऱ्याच घरांत विषय तिथेच संपतो. १ सप्टेंबर २०२५ पासून एकट्या विद्यार्थ्यानं राहण्या-खाण्यापुरते २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवायचे असतात. म्हणजे साधारण चौदा-पंधरा लाख रुपये, आणि फी नि प्रवासखर्च त्यावर वेगळा. २०२३ अखेरपर्यंत हाच आकडा १०,००० होता. शिवाय जानेवारी २०२४ पासून बहुतेक अभ्यासक्रमांना प्रांताचं पत्रही लागतं, म्हणजे विद्यार्थ्याची जागा प्रांताच्या कोट्यात धरली आहे असा दाखला. सरकारी संस्थेतल्या मास्टर्स आणि पीएचडीला २०२६ पासून त्यातून सूट मिळाली, तेवढा एक दिलासा. सुपर व्हिसात उत्पन्न दाखवायचं ते मुलानं. कुटुंबात माणसं किती, त्यावरून किमान आकडा ठरतो आणि येणारे आई-वडीलही त्यात धरतात. आईच्या भविष्यनिर्वाह निधीला हात लावावा लागला नाही, याचं मला फार समाधान आहे.

कागदांच्या बाबतीत आमच्या पिढीच्या आयांची एक अडचण असते, तिचा अंदाज घेऊन ठेवा. आईच्या बी.ए.च्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्टवर मात्र लग्नानंतरचं नाव. त्या काळी लग्नाची नोंदणी कितीशा लोकांनी केली होती? विद्यापीठाला ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा) हवी, नावबदलाचा पुरावा हवा, वर इंग्रजीची परीक्षा. मराठी माध्यमात जन्म घालवलेल्या शिक्षिकेला आयईएलटीएस अशक्य नाही, आईनं अभ्यास सुरूही केला होता. सुपर व्हिसाला यातलं फक्त नातं सिद्ध करावं लागलं, म्हणजे माझ्या जन्मदाखल्यावर आईचं नाव.

पण यातल्या कशानंही आमचा निर्णय फिरला नाही. पैसे जमवता आले असते, कागद मिळवता आले असते. निर्णय फिरला तो स्टडी परमिटच्या अर्जासोबत जोडायच्या पत्रामुळे.

या पत्रात हाच अभ्यासक्रम का, इथेच का, आणि शिकून झाल्यावर मायदेशी त्याचा काय उपयोग, हे लिहायचं असतं. बावीस वर्षांच्या मुलाला ते सोपं जातं. निवृत्तिवेतन घेणाऱ्या बाईनं ‘पुढच्या करिअरला उपयोग’ म्हणून काय लिहावं? आईनं खरं तेच लिहिलं, की गावोगावी कागद कुजतायत आणि मला ते वाचवायचे आहेत. पत्र सुंदर होतं. मग पुण्यातल्या एका सल्लागाराला दाखवलं. तो म्हणाला, “मॅडम, सगळं छान आहे, फक्त मुलाचा उल्लेख शक्य तितका कमी करा.”

त्याच्या बोलण्यात तथ्य नव्हतं असं नाही. शिक्षण संपल्यावर अर्जदार परत जाईल अशी अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते, आणि कॅनडातलं जवळचं नातं हे त्या खात्रीच्या विरुद्ध बाजूला धरलं जाऊ शकतं. नकारपत्रांत हे कारण अनेकांनी वाचलेलं आहे. आज शिकायला येणं आणि उद्या कायम राहण्याची इच्छा असणं, हे दोन्ही हेतू एकत्र असायला कायद्याची हरकत नाही. पण पत्र लिहायला बसलं की प्रत्येक वाक्य ‘मी मुलासाठी येत नाही’ हे पटवून द्यायला लागतं. नातं लपवणं तर सोडाच. कुटुंबाची माहिती वेगळ्या फॉर्मवर द्यावीच लागते, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद.

आईनं दोन-तीन मसुदे केले. प्रत्येक मसुद्यात मी थोडा आणखी लांब जात होतो. एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर ती म्हणाली, “अरे, मी राहणार तुझ्या घरी, जेवणार तुझ्या घरी. मग तू माझा कोणी नसल्यासारखं मी का लिहू?” मला त्यावर उत्तर देता आलं नाही, आणि देऊही नये असं वाटलं.

सुपर व्हिसाच्या अर्जात पहिला कागदच मुलाचं निमंत्रणपत्र असतो. तिकडे ज्या नात्याची बाधा होत होती, त्यावरच इथे सगळा अर्ज उभा. अर्थात हाही तात्पुरताच व्हिसा आहे. परत जाण्याची कारणं इथेही पाहतात, घर, जमीन, निवृत्तिवेतन, मागे राहणारी माणसं. वैद्यकीय तपासणी असते. पण आईला तिच्या आयुष्यातलं काही झाकावं लागलं नाही, आणि माझ्या लेखी पारडं तिथेच झुकलं.

आता शिक्षणाचं. जुलै २०२२ पासून सुपर व्हिसावर एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येतं आणि व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा मिळू शकतो. कॅनडात पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला सहा महिने किंवा त्याहून कमी मुदतीचा कोर्स स्टडी परमिटशिवाय करता येतो, तो राहण्याच्या मंजूर मुदतीत संपला म्हणजे झालं. कोर्स स्वतंत्र आणि स्वतःपुरता पूर्ण हवा. दोन वर्षांच्या डिप्लोमाचं पहिलं सत्र ‘सहा महिन्यांचंच आहे’ म्हणून यात बसवू नका. आईनं आधी कागद आणि बांधणीच्या जतनाचा एक छोटा कोर्स घेतला, मग अभिलेखांच्या सूचीकरणाचा. पदवी मिळणार नाही हे तिनं आधीच मान्य केलं होतं. तिला हातानं करायचं काम शिकायचं होतं, आणि ते ती शिकली.

संस्थेला मात्र आधी ईमेलनं विचारून लेखी उत्तर घ्या, की पाहुण्याला प्रवेश देता का आणि फी कोणत्या दरानं लावता. आमच्या अनुभवात एका संस्थेच्या खिडकीवर एक उत्तर मिळालं आणि ईमेलवर दुसरं. नियमात परवानगी आहे म्हणून संस्थेनं प्रवेश द्यायलाच हवा असं नसतं.

सुपर व्हिसाची कमकुवत बाजू म्हणजे विमा. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचं संरक्षण, किमान वर्षभराचं. त्याचा हप्ता वयाबरोबर चढत जातो. हप्त्यापेक्षा अटी जास्त काळजीनं वाचा. आधीपासूनचा रक्तदाब किंवा मधुमेह अनेक पॉलिसींत तेव्हाच धरतात, जेव्हा पॉलिसी सुरू होण्याआधी ठरावीक काळ, बहुधा तीन किंवा सहा महिने, तब्येत ‘स्थिर’ असते. आणि स्थिर म्हणजे गोळीचा डोसही बदललेला नको. निघण्याच्या तोंडावर डॉक्टरांनी आईची रक्तदाबाची गोळी बदलली, म्हणून आम्ही प्रवास आणि पॉलिसी दोन्ही पुढे ढकलली. तुमच्या घरच्या डॉक्टरांना हे आधी सांगून ठेवा.

इथे स्टडी परमिटचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हवं. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टात पुरेशा मुदतीचं परमिट असेल तर विद्यार्थ्याला प्रांताचा आरोग्यविमा मिळतो. ओंटारियोत तसं नाही, पण विद्यापीठांत यूहिप हा सामूहिक विमा असतो. आईला मोठा आजार असेल आणि मुलगा व्हँकुव्हर किंवा कॅल्गरीत असेल, तर मी कदाचित वेगळा विचार केला असता.

‘शिकायला पाठवा, मग पीआर होईल’ हे मात्र कुणी सांगितलं तर जपून ऐका. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या पद्धतीत, वयाचे गुण पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात. त्या आशेवर आईची पुंजी फीमध्ये घालू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मुलं दुसऱ्या देशात असतील तर गणित बदलतं. ऑस्ट्रेलियात विद्यार्थी व्हिसाची अर्जफीच जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. पाहुण्याच्या व्हिसावर तीन महिन्यांपर्यंत शिकता येतं, पण तिथे पोहोचून विद्यार्थी व्हिसाचा अर्ज करण्याची वाट जुलै २०२४ ला बंद झाली. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे ऐकून पुष्कळ जण खूश होतात. पण विद्यार्थ्यांचा स्वस्त सरकारी आरोग्यविमा तिशीपर्यंतच आहे. साठीच्या माणसाला खासगी विमा शोधावा लागतो, आणि तो शोधण्यात आमच्या ओळखीचं एक कुटुंब पार थकून गेलं. अमेरिकेत पाहुण्याच्या व्हिसावर क्रेडिटचा, म्हणजे पदवीकडे मोजला जाणारा अभ्यासक्रम चालतच नाही. तिथे मूल नागरिक असेल आणि आईला तिकडेच स्थायिक व्हायचं असेल, तर आधी ग्रीन कार्ड आणि मग कम्युनिटी कॉलेज, हाच सरळ क्रम दिसतो.

लांबच्या मुक्कामात नोव्हेंबरातल्या हयातीच्या दाखल्याची सोय आधी लावा. जीवन प्रमाण या निवृत्तिवेतनधारकांसाठीच्या सरकारी सेवेच्या ॲपवर चेहरा दाखवून तो होतो. निघण्याआधी भारतात एकदा करून पाहिला की आईचा धीर वाढतो आणि आधारवरचे तपशील जुळतात का तेही कळतं. बाबांचं म्हणाल तर सुपर व्हिसा त्यांनाही वेगळ्या अर्जानं मिळतो. आमचे बाबा पेरणी आटोपून मागून आले.

स्टडी परमिट कुणी घ्यावा? आई पन्नाशीच्या आत-बाहेर असेल, नोकरी चालू असेल, संस्थेनं अभ्यासरजा दिली असेल आणि परत जाऊन त्याच पदवीवर बढती मिळणार असेल, तर पत्र आपोआप खरं आणि भक्कम होतं. पदवीच हवी असेल तर दुसरा मार्गही नाही. फक्त ते ठरवायचं तर भारतात असतानाच ठरवा. सुपर व्हिसावर आल्यावर स्टडी परमिटचा अर्ज सर्वसाधारणपणे बाहेर जाऊनच करावा लागतो. बाकी घरांनी आधी एखादा छोटा कोर्स निवडून संस्थेचं लेखी उत्तर मिळवावं, मग विम्याचे दर दोन-तीन ठिकाणी विचारावेत आणि तिकिटाचं शेवटी बघावं. आम्ही याच क्रमानं गेलो.