नऊ महिने फ्रीसर्फर वापरल्यावर: इमेज खराब नेमकी कुठे होते?

खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करून मी एका स्कॅन सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियनचं काम करते. कन्सोलवर बसून अकरा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला एमडी करणाऱ्या एका डॉक्टरांनी विचारलं, “मॅडम, थिसिससाठी साठीच्या पुढच्या पेशंटांच्या हिप्पोकॅम्पसचं आकारमान काढायचंय, फ्रीसर्फर चालवून द्याल का?” हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूतला आठवणींशी संबंधित छोटा भाग. इमेज काढणं आणि इमेज मोजणं ही दोन वेगळी कामं आहेत हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं, म्हणून चटकन हो म्हणाले.

फ्रीसर्फर हे अमेरिकेत मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमध्ये तयार झालेलं, एमआरआयवरून मेंदूचे भाग वेगळे करून मोजणारं मोफत सॉफ्टवेअर. नाव-पत्ता भरला की लायसन्सची छोटी फाइल ईमेलने येते. ते लिनक्स आणि मॅकवर चालतं, त्यामुळे विंडोजच्या लॅपटॉपवर आत उबुंटू टाकून घ्यावा लागतो. मी ७.४.१ वापरलं, सोळा जीबी रॅमवर. ‘रीकॉन-ऑल’ ही मुख्य कमांड एका मेंदूला सहा-सात तास घेते. खानापूरचा पाऊस आणि करंट यांचं नातं ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या आठवड्यात तीनदा अर्ध्यावर बंद पडलं आणि तिन्ही वेळा मी पहिल्यापासून सुरू केलं. नंतर कळलं की अर्धवट राहिलेलं काम ‘मेक ऑल’ म्हटलं की तिथून पुढे सुरू होतं. फक्त स्क्रिप्ट्सच्या फोल्डरमध्ये उरलेली ‘इज-रनिंग’ नावाची फाइल आधी उडवायची. ही एक गोष्ट पहिल्या दिवशी कुणी सांगितली असती तर चार रात्रीची झोप वाचली असती.

आता मूळ दुखणं. पहिल्या बारा पेशंटांपैकी सात जणांचं उत्तर बघवेना. मेंदूची कड कवटीत घुसलेली, टेंपोरल भागाचा लचका तोडल्यासारखा, हिप्पोकॅम्पस कुणाचा लिमलेटच्या गोळीएवढा तर कुणाचा दुप्पट. मी आकडे बदलत बसले, फिल्टर मारत बसले. आमच्या सेंटरचे जुने टेक्निशियन, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, मागून डोकावून म्हणाले, “अगं, आडात नाही ते पोहऱ्यात कुठनं येणार? आधी मूळ इमेज उघडून आडवी-उभी बघ की.”

बघितलं. समोरून ठीक, बाजूने बघितलं तर नुसत्या पायऱ्या. मी दिलेली सिरीज साधी टूडी टी-वन (एमआरआयचा एक नेहमीचा प्रकार) होती: पाच मिलिमीटर जाडीच्या स्लाइस, मध्ये एक मिलिमीटर मोकळं. रिपोर्टिंगला ती उत्तम. पण फ्रीसर्फर प्रत्येक इमेज आधी एक मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्यांत बदलून घेतं, आणि पाच मिलिमीटरमध्ये जे मोजलंच नाही ते मधल्या मधे अंदाजाने भरतं. हिप्पोकॅम्पस असतो चार-साडेचार सेंटिमीटर लांब, पण जाडीला सेंटिमीटरभर. अशा स्लाइसमध्ये तो दोन-तीनदाच दिसणार. त्यावरून त्याचं आकारमान काढायचं म्हणजे खिडकीतून शेपूट बघून म्हशीचं वजन सांगण्यातला प्रकार.

याला हवी थ्रीडी टी-वन, साधारण एक मिलिमीटरची. सीमेन्सवर तिला एमपीरेज म्हणतात, जीईवर ब्राव्हो, फिलिप्सवर थ्रीडी टीएफई. सिरीजच्या यादीत नाव बघूनही फसायला होतं. दोन पेशंटांच्या बाबतीत थ्रीडी काढलेली होती, पण बाहेरच्या सेंटरवाल्यांनी तिच्यावरून पाच मिलिमीटरची रिफॉरमॅट करून तेवढीच सीडीवर टाकली होती आणि मूळ पातळ स्लाइस जागा करायला उडवून दिल्या होत्या. डायकॉमच्या, म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइलच्या, हेडरमध्ये (फाइलसोबतच्या माहितीत) ‘इमेज टाइप’ वाचला तर तिथे ‘डिराइव्ड’ लिहिलेलं दिसतं. कॉन्ट्रास्ट दिल्यानंतरची टी-वनही टाळावी. ड्युरा (मेंदूवरचं आवरण) आणि रक्तवाहिन्या उजळतात आणि कड काढताना गोंधळ होतो.

सीडीवरून आठवलं. एका इमेजमध्ये बारीक चौकड्या दिसत होत्या, झूम केल्यावर अगदी साडीच्या चौकड्यांसारख्या. ती इमेज जेपेगने दाबलेली होती, परत न मिळणारी माहिती फेकून. हेडरमध्ये ‘लॉसी इमेज कंप्रेशन’समोर ०१ असेल तर समजायचं. आणि व्हॉट्सअॅपवर आलेल्या फिल्मच्या फोटोचं काय करू असं विचारणारे असतातच. त्यांना मी आता हात जोडते. डायकॉममध्ये बहुधा १२ बिटांची, म्हणजे ४,०९६ छटांची माहिती असते. फोटोत ती २५६ वर येते, वर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब फुकट.

एकदा तर काहीच बिघडलेलं नव्हतं. इमेज पूर्ण काळी दिसत होती, मी अर्धा दिवस कन्व्हर्जनवर रागावले. डोळ्यामागच्या चरबीत दोन-चार ठिपके फार उजळ होते आणि फ्रीव्ह्यूने (फ्रीसर्फरमधलं इमेज बघायचं साधन) त्या ठिपक्यांपर्यंतची पूर्ण रेंज धरली होती. विंडो, म्हणजे दाखवायच्या छटांची मर्यादा, खाली ओढली, मेंदू लख्ख. आपण कन्सोलवर रोज हेच करतो, पण लॅपटॉपवर आलं की डोकं बाजूला ठेवतो काय की.

मोशनचं मात्र औषध नाही. पेशंट हलला की फेज एन्कोडिंगच्या (स्कॅन भरण्याच्या एका ठरावीक) दिशेने कडांच्या सावल्या पसरतात, आणि हे सॉफ्टवेअर त्या सावल्यांनाही कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, कड समजून बसतं. बरेचदा जाडी कमी निघते, म्हणजे हललेला पेशंट कागदावर मेंदू सुकलेला पेशंट ठरतो! वयस्कर लोकांच्या थिसिसमध्ये ही चूक किती महागात पडेल ते डॉक्टरांनाच विचारा. स्मूदिंग केलं तर सावली फक्त पुसट होते, जात नाही.

आमच्याकडे मोशनचं एक कारण मला यादी करता करता सापडलं. खराब झालेल्यांत गोकाक, बैलहोंगल, सौंदत्तीकडचे पेशंट जास्त होते. आधी वाटलं योगायोग. मग लक्षात आलं, हेडफोनवर आम्ही ‘हलू नका’ मराठीत सांगायचो. बेळगाव शहर, खानापूर, निपाणीकडच्यांना ते कळायचं. गोकाकची आजी बिचारी काय सांगतायत ते ऐकायला मान वळवायची! आता आधी टेबलावर असतानाच विचारते, मराठी की कन्नड, आणि सिक्वेन्स (स्कॅनचा एकेक प्रकार) सुरू होण्याआधी “अल्लाडब्याड्री” म्हणून सांगते. डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम नीट कोंबते. आणि थ्रीडी टी-वन शेवटी ठेवायची सवय मोडली. दीड टेस्लाच्या मशीनवर ती पाच-सहा मिनिटांची असते. वीस मिनिटं पडून कंटाळलेल्या माणसावर ती काढणं म्हणजे मुद्दाम मोशन मागवणं. लोकलायझर (जागा ठरवायचा पहिला झटपट स्कॅन) झाला की लगेच तीच. या एका बदलाने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही कमांडने पडला नाही.

अंबाड्यातली पिन हा आणखी एक खास आपल्याकडचा विषय. गजरा काढतात, पिन आत राहते. एका बाहेरच्या स्कॅनमध्ये डोक्याच्या मागे काळं भोक होतं आणि भोवती मेंदू ताणल्यासारखा वाकडा. ग्रेडियंट एको या पद्धतीवर चालणाऱ्या थ्रीडी सिक्वेन्समध्ये असं भोक साध्या स्पिन एको पद्धतीपेक्षा मोठं पडतं. ती केस सोडून द्यावी लागली. इमेजपेक्षा तो सुरक्षिततेचा प्रश्न आधी आहे, हे वेगळं.

जिथे सॉफ्टवेअरने खरंच हात दिला तेही सांगते. कॉइलच्या (डोक्याभोवतीच्या सिग्नल पकडणाऱ्या पिंजऱ्याच्या) जवळचा भाग उजळ आणि मधला अंधारा, ही तक्रार सुटते. फ्रीसर्फर स्वतः थोडं सरळ करतं. फार वाईट असेल तर मी आधी एन-फोर चालवते, हा उजेड सारखा करणारी, २०१० साली प्रसिद्ध झालेली पद्धत आहे आणि अजून तिच्यावर सगळे विसंबून असतात. मशीनवरच याच कामाचं प्रीस्कॅन नॉर्मलाइझ, प्युअर किंवा क्लिअर (कंपनीप्रमाणे नाव वेगळं) चालू ठेवलं तर तीही गरज कमी लागते. इमेजमधून कवटी काढून टाकायला सुरुवातीला डॉक्टरांच्या सांगण्यावरून एफएसएल या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं बेट वापरलं. त्यात एक आकडा असतो, मुळात ०.५; कमी केला की जास्त मेंदू राहतो, वाढवला की छाटणी. मान इमेजमध्ये जास्त आली असेल तर त्याचा केंद्राचा अंदाजच चुकतो. सुकलेल्या मेंदूंवर मी ०.३ ते ०.५ मध्ये इतकी झुलले की शेवटी सोडलं. फ्रीसर्फरबरोबर येणारं सिंथस्ट्रिप, २०२२ चं, एकही आकडा न मागता मिनिटाच्या आत काम करतं. जाड स्लाइसवरही. त्याला माझे पूर्ण मार्क.

सिंथएसआर या आणखी एका साधनाबद्दल मात्र हात आखडता घेते. ते पाच मिलिमीटरच्या स्कॅनवरून एक मिलिमीटरची एमपीरेजसारखी इमेज बनवून देतं. पहिल्यांदा बघून मी काकांना हाक मारली, इतकी सुंदर. काकांनी दोन्ही इमेज शेजारी ठेवल्या आणि विचारलं, “याचा जुना स्ट्रोक कुठं गेला?” उजव्या बाजूला जुन्या अटॅकची पोकळी होती, नव्या इमेजमध्ये तिथे छान निरोगी मेंदू. हा बिघाड नाही. ते सॉफ्टवेअर असंच शिकवलेलं आहे, खराब भाग नेहमीच्या ऊतीसारखा भरून द्यायला, म्हणजे पुढची मोजणी अडत नाही. पण ती इमेज फिल्मवर गेली तर? मी अशा फाइलच्या नावातच ‘बनवलेली’ असं लिहिते आणि पीएसीएसवर (सेंटरच्या इमेज-साठ्यावर) चढवत नाही. जाड स्लाइसवर मोजणी करायचीच असेल तर मेंदूचे भाग वेगळे करणारं सिंथसेग बरं, त्यात खराब क्लिनिकल स्कॅनसाठी ‘रोबस्ट’ असा पर्याय आहे आणि प्रत्येक भागाला गुणवत्तेचा गुण मागता येतो. गुण कमी आला की डोळ्यांनी बघायचं.

एक चूक माझी स्वतःची. इमेज आधी सरळ केली, मग दुसरीवर बसवली, मग टेम्प्लेटवर, म्हणजे नमुन्याच्या मेंदूवर. दर वेळी नवीन फाइल. तीनदा इंटरपोलेशन (मधल्या किमती अंदाजाने भरणं) झाल्यावर ती चहात बुडवलेल्या खारीसारखी मऊ झाली. हलवण्याचे सगळे आकडे एकत्र करून शेवटी एकदाच इमेज बदलावी. आणि भागांच्या लेबलांना, म्हणजे प्रत्येक भागाच्या नंबराला, ‘जवळचा शेजारी’ (सरासरी न काढता सगळ्यात जवळचाच नंबर घेणं) हीच पद्धत, नाहीतर १७ आणि १८ च्या मधे साडेसतरा नंबरचा अवयव जन्माला येतो. १७ हा डावा हिप्पोकॅम्पस, १८ त्याच्या शेजारची अमिग्डाला. साडेसतरा कुणी बघितलाय?

तर फ्रीसर्फरला पाचपैकी चार. एक गुण कापला तो एवढ्यासाठी की वाटेल ती इमेज दिली तरी ते सहा-सात तास राबून दशांशासकट आकडा देतं. घरच्या वापरासाठी, एका पेशंटचा निर्णय करण्यासाठी हे नव्हेच. ते काम रेडिओलॉजिस्टचं. थिसिस-संशोधन करणाऱ्यांनी घ्यावं, पण स्कॅन काढणाऱ्या माणसाशी आधी बोलून.

आतापर्यंत अठ्ठावन्नपैकी एकेचाळीस स्कॅन मोजण्याजोगे निघाले. उरलेल्यांतले चौघं आमच्याच सेंटरात फॉलोअपला येणार आहेत. त्यांच्या नावापुढे कन्सोलच्या वहीत पेन्सिलीने ‘थ्रीडी आधी’ असं लिहून ठेवलंय, आणि दोघांच्या पुढे ‘कन्नड’.