मे महिन्यात धोलावीरा की लोथल?

शाळांना सुट्टी मे महिन्यात, त्यामुळे हडप्पाकालीन नगर बघायचं तर तेही मे महिन्यातच, अशी आपल्याकडच्या बहुतेक घरांची अडचण असते. मुंबई-पुण्याच्या आवाक्यात अशी दोन मोठी ठिकाणं आहेत, दोन्ही गुजरातमध्ये : कच्छच्या मोठ्या रणातल्या खदीर बेटावरचं धोलावीरा आणि अहमदाबादजवळच्या भाल प्रदेशातलं लोथल. दोन्ही एकाच फेरीत उरकायचा मोह होतो. उन्हाळ्यात तो टाळा. दोन्हींच्या मध्ये जवळजवळ अख्ख्या दिवसाचा रस्ता आहे, आणि तो भर उन्हातला. एकच निवडा. निवडताना मोठं कोणतं, प्रसिद्ध कोणतं हे नंतर बघा. आधी एवढंच ठरवा, की रात्रीचा मुक्काम तिथेच करणं जमणार आहे का. माझ्या मते सगळं त्यावर अवलंबून आहे.

लोथल 'सोपं', म्हणजे कमी तापणारं, असं अनेकांना वाटतं. तसं काही नाही. मे महिन्यात अहमदाबाद परिसराचं सरासरी कमाल तापमान भुजपेक्षा कमी नसतं, उलट थोडं जास्तच भरतं. २० मे २०१६ रोजी अहमदाबादला पारा ४८ अंशांवर गेला होता. २०१० सालच्या जीवघेण्या लाटेनंतर, २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेपासून बचावासाठी स्वतंत्र कृती आराखडा केला, तो उगाच नाही. ऊन दोन्हीकडे सारखंच भाजतं. फरक आहे तो उन्हातून बाहेर किती लवकर पडता येतं याचा. लोथल अहमदाबादपासून साधारण ८० किलोमीटर. पहाटे गाडी काढली तर सकाळच्या गारव्यात अवशेष पाहून, संग्रहालयाच्या सावलीत तासभर घालवून जेवायला शहरात परत येता येतं. धोलावीरा भुजपासून खावड्यामार्गे सव्वाशे-दीडशे किलोमीटर. सकाळी सातला निघून वाटेत रणात फोटो काढत गेलात, की उत्खननाच्या जागेवर पाय ठेवेपर्यंत अकरा वाजतात. तिथे झाड नाही, छप्पर नाही. कर्कवृत्ताच्या थोडंसंच उत्तरेला हे गाव आहे, त्यामुळे मे अखेरीस मध्यान्हीला माणसाची सावलीसुद्धा पायाशी गोळा होते. शिवाय इतक्या पश्चिमेला घड्याळात बारा वाजले तरी सूर्य डोक्यावर यायला पाऊण तास बाकी असतो. खरी तल्खली दोन ते पाच. अशा वेळी तिथे पोचलेली माणसं बालेकिल्ल्याच्या अर्ध्या वाटेवरून मागे फिरतात आणि 'दगडच तर आहेत' असं म्हणून परततात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्या दगडांसारखे दगड हडप्पा संस्कृतीत दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतात.

धोलावीराची खरी ओळख म्हणजे पाणी. मानसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांच्या मधे हे नगर वसवलं. बारमाही नदी नाही, खाली खारी जमीन, पाऊस बेभरवशाचा. म्हणून ओढ्यांना बांध घालून पाणी वळवलं आणि तटबंदीच्या आत एकाला लागून एक असे तलाव खोदले. पूर्वेकडचा तलाव सुमारे ७३ मीटर लांब, २९ मीटर रुंद आणि १० मीटर खोल आहे. दक्षिणेकडचे तर चक्क कातळात कोरलेले. बालेकिल्ल्यावर पडणारं पावसाचं पाणीही वाया जाऊ दिलेलं नाही. ते वाहून नेणारी दगडी गटारं काही ठिकाणी माणूस आत शिरेल एवढी उंच आहेत. उन्हाळ्यात जाण्याचा एक फायदा मला इथेच दिसतो. तलाव कोरडे ठणठणीत असतात, त्यामुळे तळापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या आणि तळातला कातळ सगळं उघडं दिसतं. आणि तहानेने घसा कोरडा पडलेला असताना या तलावांच्या काठी उभं राहिलं, की त्या लोकांनी एवढा खटाटोप कशासाठी केला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सकाळच्या तिरप्या उन्हात बालेकिल्ल्याच्या दरवाज्यात थांबा. घासून गुळगुळीत केलेल्या दगडी खांबांचे घडीव तुकडे तिथे आहेत; चार-साडेचार हजार वर्षांनंतरही त्यांची चकाकी कळते. उत्तरेच्या दरवाज्यालगतच्या खोलीत दहा मोठ्या चिन्हांचा फलक सापडला होता. लाकूड कुजून गेलं, पण त्यात बसवलेली जिप्समची चिन्हं जशी पडली तशीच मातीत राहिली. हडप्पा लिपी एरवी बोटभर मुद्रांवर, म्हणजे ठसा उठवायच्या शिक्क्यांवर दिसते, इथे तिचं एकेक चिन्ह वितभराहून उंच आहे. वाचता मात्र अजून आलेली नाही. याच दरवाज्यासमोर सुमारे २८३ मीटर लांबीचं मैदान आहे. पुरातत्त्वज्ञ जगत्पती जोशींनी ही जागा १९६०च्या दशकात उजेडात आणली, रवींद्रसिंह बिश्त यांनी १९९० पासून खोदली आणि २०२१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत आली. एवढा पसारा नीट पाहायचा तर एक संध्याकाळ आणि एक सकाळ हवी. म्हणजेच मुक्काम.

लोथलचं गणित वेगळं. जागा आटोपशीर आहे, आणि जे आहे ते मुलांना पटकन कळतं. पुरातत्त्वज्ञ शिकारीपुर रंगनाथ राव यांनी १९५४ मध्ये हे टेकाड शोधलं आणि १९५५ ते १९६० या काळात खोदलं. सगळ्यात आधी नजरेत भरते ती भाजक्या विटांनी बांधलेली गोदी, दोनशे मीटरच्या वर लांब. ती गोदी की नुसता सिंचनाचा तलाव, यावर अभ्यासकांत बराच वाद झाला. २०२४ मध्ये आयआयटी गांधीनगरच्या संशोधकांनी उपग्रहचित्रांवरून साबरमतीचा जुना प्रवाह लोथललगत वाहत होता असं दाखवलं, त्यामुळे गोदीची बाजू बळकट झाली. गोदीशेजारच्या वखारीत मातीच्या मुद्रांकनांचे तुकडे मिळाले. त्यांच्या समोर हडप्पा मुद्रेचा ठसा आणि मागे गाठोड्याच्या दोरीचे व कापडाचे ठसे. माल बांधला, गाठीवर ओली माती थापली, तिच्यावर मुद्रा उठवली, हे सगळं त्या इवल्याशा तुकड्यावर दिसतं. मण्यांचा कारखाना आणि भट्टीही सापडली आहे. अकीकाचं तेच काम जवळच्या खंबातमध्ये आजही चालतं. मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर मी लोथलच निवडेन.

गुडघे दुखणारे आजी-आजोबा, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेलं कुणी, लहान बाळ सोबत असेल तरीही लोथलच. धोलावीराला काही झालं तर मोठं रुग्णालय काही तासांच्या अंतरावर आहे, हे हलक्यात घेऊ नका. याउलट दोघं-तिघं धडधाकट असाल आणि पहाटे साडेपाचला उठायची तयारी असेल, तर मे महिन्यातही धोलावीराच. आदल्या दुपारी चारच्या सुमारास पोचा, उन्हं कलल्यावर तलाव पाहा, फाटक सकाळी किती वाजता उघडतं ते पहारेकऱ्याला विचारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या आत बालेकिल्ला उरका. खदीरवरच्या ज्युरासिक काळातल्या लाकडाच्या जीवाश्मांकडेही सकाळीच जा.

भुज किंवा रापर सोडताना टाकी भरून घ्या. पाण्याचा मोठा जार गाडीतच ठेवा, बाटल्यांवर भागत नाही. सुती पंचा, ओआरएस, सोबत साखर-मीठ घातलेलं पन्हं. खावड्याकडून येणारा रणातला रस्ता सुंदर आहे, पण त्यावर सावली किंवा टपरी मिळेल या भरवशावर राहू नका; दुपारी गाडी बंद पडणं तिथे परवडणारं नाही. पुरातत्त्व खात्याची स्थळ-संग्रहालयं साधारणपणे शुक्रवारी बंद असतात, तेव्हा तो वार टाळा. लोथलच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं, कारण तिथला निम्मा ऐवज संग्रहालयात आहे. निघण्याआधी मुलांना मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या सिंधू संस्कृतीच्या वस्तू दाखवून आणल्या तर मुद्रा म्हणजे काय हे तिथे जाऊन समजवावं लागणार नाही.

रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. मुंबईहून भुजची गाडी सुट्टीत लगेच भरते, अहमदाबादला मात्र गाड्या भरपूर. तिकीट काढण्याआधी धोलावीरात खोली पक्की करा. राहण्याच्या जागा मोजक्या आहेत, आणि थंडीतल्या पर्यटकांसाठी उभारलेले तंबू मे महिन्यात मिळतीलच असं नाही. खोली नाही मिळाली तर यंदा लोथल करा आणि धोलावीरा फेब्रुवारीच्या अखेरीस ठेवा : रणोत्सवाची गर्दी तोवर ओसरत आलेली असते, आणि दुपारीही बालेकिल्ल्यावर हिंडता येतं.