सहा आठवड्यांचा संवाद-अभ्यासक्रम : कान तयार करणारा, पण तक्त्यांपाशी अडलेला

वेगवेगळ्या देशांतील सहकाऱ्यांबरोबर ऑनलाइन बैठकांतून काम करणाऱ्यांसाठी तयार केलेला, संस्कृती आणि संवाद या विषयावरचा एक सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. आमच्या गटातील दोन सहकारी बैठकीत जवळजवळ बोलतच नसत, आणि त्यांना कामात रस नसावा असे मी मनाशी ठरवून टाकले होते. ते कितपत खरे आहे हे तपासावे, म्हणून मी नाव नोंदवले.

पहिल्या आठवड्यात अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी १९७६ मध्ये मांडलेला उच्च-संदर्भ आणि निम्न-संदर्भ संवादाचा भेद समजावला जातो. काही समाजांत अर्थ प्रामुख्याने शब्दांत असतो, तर काही ठिकाणी तो नात्यात, प्रसंगात आणि न बोललेल्या गोष्टींत शोधावा लागतो. मांडणी नेटकी आहे, पण वाचन करणाऱ्यांना त्यात नवे फारसे नाही.

अभ्यासक्रमाचे खरे मोल दुसऱ्या आठवड्यात आहे. दहा भाषांमधील होय-नाही स्वरूपाच्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, जपानी भाषेत हे अंतर सर्वांत कमी आणि डॅनिशमध्ये सर्वांत जास्त असते, तरीही प्रत्येक भाषेची सरासरी एकूण सरासरीच्या साधारण पाव सेकंद अलीकडे-पलीकडेच राहते, असे त्यात आढळले. हा निष्कर्ष नुसता न सांगता त्यावर श्रवणाचा सराव दिला आहे : ध्वनिमुद्रित संभाषण ऐकायचे आणि आपली बोलण्याची पाळी आली असे वाटताच कळ दाबायची. मी बहुतेक वेळा समोरच्याचे वाक्य पुरे होण्याआधीच कळ दाबली. ज्यांना मी निरुत्साही समजत होतो, त्यांना बोलायला जागाच मी ठेवत नव्हतो, हे मला त्या संध्याकाळी उमगले आणि मनापासून वाईट वाटले.

तिसऱ्या आठवड्यातील होकाराचा पाठही उत्तम आहे. जपानी संभाषणातील ‘हाइ’ हा शब्द अनेकदा संमती नसून केवळ ‘मी ऐकतो आहे’ एवढेच सांगतो, हे त्यात संवादांच्या नमुन्यांतून नीट उलगडते.

चौथ्या आठवड्याविषयी मात्र माझी गंभीर तक्रार आहे. डच सामाजिक मानसशास्त्रज्ञ खेर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम या संगणक कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांच्या प्रश्नावल्यांवरून देशोदेशींच्या मूल्यांचे गुणांक काढले. हे गुणांक समाजांच्या तुलनेसाठी आहेत, व्यक्तीला लावण्यासाठी नाहीत, असे स्वतः हॉफस्टेड यांनीच बजावले होते. अभ्यासक्रमात तो इशारा कुठेही नाही. उलट या गुणांकांच्या तक्त्यातून सहकाऱ्याचा देश निवडला की त्याच्याशी कसे बोलावे हे सांगणारे कार्ड पडद्यावर येते. एकाच देशातील दोन माणसांचे वय, व्यवसाय, शिक्षण आणि स्वभाव यांनी बोलण्यात किती फरक पडतो, याला त्या कार्डावर स्थानच नाही. ज्या घाईच्या निष्कर्षातून मी बाहेर पडू पाहत होतो, तसाच दुसरा निष्कर्ष हे कार्ड हाती देते.

पाचवा आठवडा ईमेलच्या भाषेवर असून कामापुरता ठीक आहे. शेवटच्या परीक्षेत प्रत्येक प्रसंगाला एकच बरोबर उत्तर धरले आहे, आणि ‘समोरच्याला विचारून पाहीन’ हा पर्याय एकाही प्रश्नात दिलेला नाही. तो असावा, असे मी अभिप्रायात कळवले आहे. ध्वनिमुद्रणे पुढेही उपलब्ध राहतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्याचा सराव मी आता बैठकीच्या आदल्या दिवशी पुन्हा करतो.